डोंगरावर पैसा टिकतो कसा? महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवरून समजून घेऊ

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला एकाच डोंगररांगेत दोन अगदी वेगळी चित्रं दिसतात. वर पाचगणी-महाबळेश्वरच्या पठारावर भिलार, खिंगर, मेटगुताड, अवकाळी अशी गावं, हिवाळ्यात जाल तर बघावं तिकडे काळ्या-चंदेरी मल्चिंग पेपरने (मातीवर अंथरायच्या प्लास्टिकने) झाकलेले स्ट्रॉबेरीचे बेड, रस्त्याला लागून स्टॉल, पिकअप उभ्या. आणि तिथनं खाली जावळीच्या आतल्या भागात किंवा कोयनेच्या पाण्यापलीकडे कांदाटी खोऱ्यात उतरलं की कुलुपं लावलेली घरं. ती उघडतात गणपतीला, शिमग्याला, गावच्या यात्रेला. बाकी वर्षभर माणसं मुंबईत. माथाडी कामगारांत जावळी-महाबळेश्वरची माणसं किती आहेत हे मसजिद बंदरात किंवा वाशी मार्केटला कुणालाही विचारा, सांगतील. १९६९ चा माथाडी कायदा आला आणि त्या कामाला पगार, पीएफ, दवाखाना असं थोडं स्थैर्य आलं, त्यामुळे गावाकडे मनीऑर्डर नियमित झाली हे खरंच, पण मनीऑर्डरवर गाव जगतं, उभं राहत नाही.

आता पाऊस दोन्हीकडे तोच, माती साधारण तीच तांबडी जांभ्याची, माणसंही तीच, सोयरीक एकमेकांत. मग वर पैसा टिकला आणि खाली नाही टिकला, असं का?

"महाबळेश्वरला टुरिस्ट येतात म्हणून" हे उत्तर सगळे देतात. अर्धं बरोबर आहे. पण टुरिस्ट तर माथेरानलाही येतात आणि माळशेजलाही येतात, तिथे असं शेतीचं जाळं नाही उभं राहिलं.

आधी डोंगरात धंदा करणं अवघड का असतं ते बघू. पहिली गोष्ट, जमीन तुकड्यात. उतारावर पायऱ्यांसारखी खाचरं, त्यात भावाभावांत वाटण्या, ट्रॅक्टर फिरवायला जागा नाही. म्हणजे एकेकाचा माल थोडा. थोडा माल असला की व्यापारी गाडी घेऊन दारात येत नाही, तुम्हालाच जावं लागतं. दुसरं म्हणजे बाजार लांब आणि मधे घाट. पसरणी घाट उतरून वाई, तिथनं पुणं शंभरेक किलोमीटर, मुंबई तर त्याच्याही पुढे दीडशे. तिसरं पाणी, आणि हे बाहेरच्यांना पटत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो पण जांभ्यातनं तो झिरपून खाली निघून जातो, कृष्णा-कोयना इथे उगम पावतात आणि एप्रिल-मे मध्ये आसपासच्या कित्येक वाड्यांना टँकर लागतो. पावसाळ्याचे चार महिने शेतात भात, नाचणी, वरी सोडून काही तग धरत नाही. त्यामुळे कमावायला हातात उरतात ते फक्त ऑक्टोबर ते एप्रिल.

अशा ठिकाणी "उद्योग आणा" म्हणणं सोपं आहे, पण कोणता? एक साधा नियम धरता येतो, जी वस्तू किलोमागे महाग आहे ती घाटाचं भाडं सोसते, जी स्वस्त आणि जड आहे ती नाही सोसत. बटाटा डोंगरात उत्तम पिकतो, पण खालच्या सपाटीवरच्या बटाट्याशी भावात भिडला की भाड्यातच संपतो. मध टिकतो, स्ट्रॉबेरी टिकत नाही, पण दोन्ही किलोमागे महाग. म्हणून ही दोन्ही इथे चालली.

पण महाग वस्तू पिकवली म्हणून पैसा गावात राहतोच असं नाही. इथे थोडं अर्थशास्त्र सांगतो, घाबरू नका, बेरीज-गुणाकाराच्या पलीकडे नाही.

समजा बाहेरून हजार रुपये गावात आले. ज्याला मिळाले त्याने त्यातले सहाशे गावातच खर्च केले, गावच्या मजुराला, गावच्या दुकानात, गावच्या गाडीवाल्याला. त्या लोकांनी सहाशेतले पुन्हा साठ टक्के म्हणजे तीनशे साठ गावातच घातले. असं फिरत फिरत हजाराचे एकूण अडीच हजारांचे व्यवहार होतात. आता समजा पहिल्याच माणसाने फक्त दोनशे गावात खर्च केले, पुढच्यांनीही तसंच वीस टक्के, तर सगळं मिळून साडेबाराशेवर विषय संपला. बाहेरून आलेला पैसा तोच होता, फरक पडला तो गळतीचा. अर्थशास्त्रात याला मल्टिप्लायर म्हणतात, पण मला विचाराल तर डोंगरात गळती हाच शब्द जास्त कामाचा, कारण वरून किती येतंय हे सगळे मोजतात आणि खालून किती जातंय हे कुणीच मोजत नाही.

मोठ्या हॉटेलचंच बघा ना. मालक मुंबई-पुण्याचा, मॅनेजर बाहेरचा, भाजी वाईहून, चादरी-टॉवेल बाहेरून, बुकिंगचं कमिशन ऑनलाइन कंपनीला. गावाच्या वाट्याला काय, तर साफसफाई, वॉचमनगिरी आणि कचरा. हे हॉटेलवाल्यांना शिव्या घालायला नाही लिहीत, धंद्याची रचनाच तशी आहे. त्यामानाने गावातल्या माणसाने स्वतःच्या घरात दोन खोल्या काढल्या तर गल्ला छोटा असतो, पण गळती फार कमी.

आता स्ट्रॉबेरी. हे फळ इंग्रजांच्या काळात इथे आलं, बरीच वर्षं ते साहेबांच्या टेबलापुरतंच होतं. आज देशातल्या स्ट्रॉबेरीपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास महाबळेश्वर-पाचगणी-वाई पट्ट्यातून येते असं सांगितलं जातं. क्षेत्र म्हणाल तर साधारण अडीच-तीन हजार एकर, म्हणजे ऊसवाल्या एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराएवढं! एवढ्याशा जमिनीवर हे सगळं चाललंय.

या फळाचा स्वभाव कळला की इथलं अर्धं अर्थकारण कळतं. आंबा किंवा केळं कच्चं तोडून आढीत पिकवता येतं. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही, जशी तोडली तशीच राहते आणि मग लगेच मऊ पडायला लागते. त्यामुळे तोडणी दिवसाआड, सकाळी गारव्यात, बायका वाकून एकेक फळ देठासकट खुडतात, देठाची हिरवी टोपी निघाली की ते फळ टेबलचं, म्हणजे ताजं खायला विकायचं, राहिलं नाही. शेडमध्ये आणून प्रतवारी होते. मोठं, कडक, एकसारखं लाल फळ पनेटमध्ये, म्हणजे विक्रीच्या छोट्या प्लास्टिकच्या डबीत. बारीक, वाकडं, जास्त पिकलेलं, एका बाजूला पांढरं राहिलेलं फळ बाजूच्या क्रेटमध्ये. संध्याकाळी गाडी सुटते, रात्रीतून मुंबई-पुण्याच्या मार्केटला. दोन-तीन दिवसांनी दलालाकडून पट्टी येते आणि त्या चिठ्ठीवर काय असतं ते नीट वाचण्यासारखं असतं: भाव, त्याखाली वजावट, अडत, हमाली, भाडं, आणि कधीकधी "माल नरम" असं लिहून भावच कमी केलेला. माल नरम होता का नव्हता हे भिलारमध्ये बसून कसं सांगणार.

माझं म्हणणं असं आहे की या पठाराचं नशीब पनेटमधल्या फळाने ठरलं नाही, बाजूच्या क्रेटमधल्या फळाने ठरलं.

हिशोब करून बघू. आकडे फक्त समजण्यापुरते घेतलेत, भाव रोज बदलतो. समजा एका दिवशी शंभर किलो तोडणी झाली. साठ किलो एक नंबर, सगळी वजावट जाऊन किलोला ११० रुपये पडले, म्हणजे ६,६०० रुपये. चाळीस किलो दोन नंबर, म्हणजे बाजूच्या क्रेटमधला. जवळ फॅक्टरी नसेल तर हा माल एकतर उकिरड्यावर किंवा रस्त्यावर मिळेल त्या भावाने. जवळ फॅक्टरी असेल आणि ती ४० रुपयांनी घेत असेल तर १,६०० रुपये जास्तीचे. आणि त्या दिवसाचा रोपं, मजुरी, खत, पॅकिंग मिळून खर्च समजा साडेसहा हजारांचा. म्हणजे पहिल्या शेतकऱ्याकडे शंभर रुपये उरले आणि दुसऱ्याकडे सतराशे. जमीन तेवढीच, मेहनत तेवढीच.

बरं, एवढ्यावर संपत नाही. फॅक्टरी नसती तर दोन नंबरचा माल पण कुणीतरी पनेटच्या तळाशी घालून मार्केटला पाठवलाच असता, त्याने एक नंबरचाही भाव पडला असता आणि महाबळेश्वरच्या मालाचं नावही खराब झालं असतं. शिवाय फेब्रुवारीनंतर ऊन तापतं, फळ बारीक होतं, टेबलच्या मालाला भाव राहत नाही, तेव्हा प्लॉट सोडून द्यायचा का आणखी दीड-दोन महिने तोडायचा, हे फॅक्टरीच्या भावावर ठरतं. हंगाम लांबला की मजुरांचं काम लांबतं, ठिबकचा आणि मल्चिंगचा खर्च जास्त किलोंवर वाटला जातो. म्हणजे दोन नंबरचा गिऱ्हाईक हा सगळ्या बाजाराला खालून टेकू लावतो.

हा गिऱ्हाईक इथे लवकर तयार झाला. १९५९ मध्ये पाचगणीत किशोर व्होरा यांनी मॅप्रो सुरू केली, जॅम-क्रश-सरबत असा धंदा. पुढे इतरही कारखाने आले. आज गुरेघरला मॅप्रोच्या बागेत लोक स्ट्रॉबेरी विथ क्रीमसाठी रांगा लावतात ते दिसतं, पण माझ्या मते त्या क्रीमपेक्षा मागच्या बाजूला ड्रममध्ये जाणारा पल्प, म्हणजे फळाचा गर, जास्त महत्त्वाचा. कारण ताजं फळ दोन दिवस टिकतं आणि पल्प वर्षभर, घाई संपली की सौदा बरोबरीने करता येतो.

अर्थात फॅक्टरी एकच असली की भाव तीच ठरवणार. द्यायचं तर द्या नाहीतर घेऊन जा. त्यावर इथल्या शेतकऱ्यांनी दोन गोष्टी केल्या, भिलारला स्वतःची फळप्रक्रियेची सहकारी संस्था काढली आणि उत्पादकांची संघटना बांधली. सहकारी संस्था खाजगी कारखान्याएवढी मोठी व्हायलाच पाहिजे असं नाही. ती नुसती उभी असली, थोडा माल घेत असली, तरी खाजगीवाल्याला भाव फार खाली ओढता येत नाही. हे साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला वेगळं सांगायची गरज नाही म्हणा, आणि सहकारात काय काय बिघडतं हेही सांगायची गरज नाही.

हिमाचलमध्ये हेच काम सरकारने अंगावर घेतलं. तिथे सफरचंदाचा डागाळलेला, छोटा, गारपिटीने मार खाल्लेला माल सरकारी योजनेतून ठरलेल्या भावाने उचलला जातो, त्याचा रस निघतो. पैसे मिळायला उशीर होतो म्हणून तिथले बागायतदार बोंबलत असतात, पण योजना बंद करा असं कुणी म्हणत नाही. फळ वेगळं, डोंगर वेगळा, तोडगा तोच.

आता गळतीची दुसरी बाजू, जी फारशी बोलली जात नाही. स्ट्रॉबेरीची मातृरोपं बाहेरून येतात, मुख्यतः कॅलिफोर्नियातल्या नर्सऱ्यांकडून. विंटर डॉन, स्वीट चार्ली, कामारोसा ही नावं इथे शाळेतली पोरंसुद्धा घेतात. ही मातृरोपं महाबळेश्वरच्या धो धो पावसात टिकणार नाहीत म्हणून खाली वाईकडच्या कमी पावसाच्या भागात वाढवतात, त्यांना जमिनीवर पसरणारे धुमारे फुटतात, त्या प्रत्येक धुमाऱ्याला गाठीवर नवीन रोप लागतं, ती पिशव्यांत भरून सप्टेंबर-ऑक्टोबरला वर आणून लावतात. एकराला वीस-पंचवीस हजार रोपं बसतात, म्हणजे रोपांचा खर्च किरकोळ नाही. मातृरोपाचा पैसा परदेशात जातो ही गळती. पण एका मातृरोपापासून पुढे कितीतरी रोपं इथेच तयार होतात, नर्सरी हा वाईच्या बाजूला वेगळा धंदाच झालाय, आणि त्यातली रोपं बाहेरच्या जिल्ह्यांतही जातात. म्हणजे गळतीचा थोडा भाग परत मिळवला.

मधाचं गणित वेगळं आणि मला तर जास्त आवडणारं. इथे राज्याच्या खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, मधपाळांची जुनी सहकारी सोसायटी आहे, तिचा मधुसागर मध पुण्या-मुंबईच्या घरात पोचलेला आहे. सातेरी या देशी मधमाशीच्या पेट्या, जांभळाचा मध, हिरड्याचा मध, आणि कारवी फुलली त्या वर्षी कारवीचा, जो सात-आठ वर्षांतून एकदाच. मध नासत नाही, पेटीला शेतजमीन लागत नाही, जंगल तोडलं तर धंदा बुडतो म्हणून मधपाळ हा जंगलाचा आपोआप राखणदार. मे २०२२ मध्ये मांघर हे महाबळेश्वर तालुक्यातलं गाव देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. कल्पना चांगली आहे, एक गाव एका वस्तूने ओळखलं जातं आणि लोक ती वस्तू घ्यायला गावापर्यंत येतात, मधल्या दलालाचा वाटा वाचतो. पण मधाने गाव श्रीमंत होईल अशी अपेक्षा ठेवू नये, तो जोडधंदा आहे, फुलोऱ्यावर अवलंबून. त्याचा आणखी एक उपयोग कुठल्याच हिशोबात लिहिला जात नाही, तो म्हणजे माशी स्ट्रॉबेरीच्या फुलावर नीट फिरली की फळ भरतं, नाही फिरली की ते वाकडं होतं आणि त्या बाजूच्या क्रेटमध्ये जातं.

भौगोलिक मानांकनाबद्दल थोडक्यात. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये जीआय मिळालं. म्हणजे दुसरीकडच्या मालाला हे नाव लावता येत नाही, कागदावर. पुण्याच्या सिग्नलला विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पनेटवर महाबळेश्वरच लिहिलेलं असतं, ती आली कुठून कुणी विचारत नाही. जीआय हा नुसता हक्क आहे, तो राखायला माणूस, पैसा आणि कोर्टकचेरीची तयारी लागते, तोपर्यंत भावात फार फरक पडत नाही.

जमीन हा मात्र मोठा विषय. जिथे शेती चालते तिथे जमिनीचा भाव शेतीच्या हिशोबाने नाही, बंगल्याच्या हिशोबाने वाढतो. एक एकर विकून जे मिळतं ते स्ट्रॉबेरी करून मिळवायला आयुष्य जाईल, मग पोरगा म्हणतो विकू या. विकल्यावर पैसा एकदाच येतो आणि सातबारावरचं नाव कायमचं जातं, पुढे तोच पोरगा त्याच जागेवर वॉचमन. ही गळती सगळ्यात मोठी, कारण ती परत भरून निघत नाही. जानेवारी २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणी परिसर केंद्राने इको-सेन्सिटिव्ह झोन केलाय, बांधकामावर बंधनं आहेत. स्थानिकांची तक्रार खरी आहे की घराची एक खोली वाढवायला हेलपाटे मारावे लागतात आणि मोठ्यांची रिसॉर्टं कशी होतात कळत नाही. तरी ही बंधनं नसती तर स्ट्रॉबेरीच्या बेडांच्या जागी आज काय दिसलं असतं याचा अंदाज लोणावळ्यावरून येतो. आता कोयना-सोळशी-कांदाटीच्या बाजूला नवीन महाबळेश्वर हा प्रकल्प आखलाय, एमएसआरडीसीकडे, म्हणजे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे, नियोजन. तिथल्या गावांनी किती हॉटेलं होणार हे विचारण्याआधी जमीन कुणाच्या नावावर राहणार हे विचारावं, असं मला वाटतं. भिलारचं पुस्तकांचं गाव मे २०१७ मध्ये सुरू झालं ते या बाबतीत शहाणपणाचं होतं, पुस्तकं गावकऱ्यांच्याच घरात, ओसरीत, देवळात ठेवली. नवीन इमारत नाही, जमीन विकली नाही, वाचायला आलेला माणूस तिथेच जेवतो, तिथेच राहतो.

आता हे सगळं तपासून बघायला सुरगाण्याला जाऊ, नाशिक जिल्ह्याच्या टोकाला, गुजरातच्या हद्दीवर. तिथले आदिवासी शेतकरीही स्ट्रॉबेरी करतात, रोपं महाबळेश्वरकडूनच नेली, डोंगर, गारवा, उतारावरची जमीन सगळं जुळलं. वणी-सापुतारा रस्त्यावर पनेट मांडून बसतात, सुरतेचे पर्यटक घेतात, थोडा माल नाशिकला जातो. फळ चांगलं आहे, मी म्हणेन गोडीला कमी नाही. पण आसपास त्या मापाची फॅक्टरी नाही. शनिवार-रविवारी माल संपतो, मंगळवारी पडून राहतो. आणि फेब्रुवारी-मार्चला फळ बारीक व्हायला लागतं नेमका तेव्हाच निफाड-दिंडोरीला द्राक्षाचा हंगाम असतो, तिथे रोख मजुरी मिळते. माणूस प्लॉटमध्ये थांबेल की गाडीत बसेल?

तिथे छोटं पल्प युनिट का नाही होत, असा प्रश्न येतो. मशीनला पैसे मिळतात. केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची पीएमएफएमई योजना २०२० मध्ये सुरू झाली, तिच्यात ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. पल्पर येईल, डीप फ्रीजर येईल, फूड लायसन्सही होईल. अडतं पुढे. फळ दोन-अडीच महिन्यांत रोखीने घ्यावं लागतं, शेतकरी उधारीवर देऊ शकत नाही कारण त्याला आठवड्याच्या आठवड्याला मजुरी द्यायची असते. आणि पल्प किंवा क्रश विकला जातो बारा महिने, आईस्क्रीमवाले-सरबतवाले उन्हाळ्यात उचलतात आणि पैसे त्यानंतर दोन महिन्यांनी देतात. या मधल्या काळात ड्रममध्ये अडकलेला पैसा कुणाचा? मॅप्रोसारख्या कंपनीला ते जमतं, बचत गटाला नाही जमत. बँक मशीनला कर्ज देते, कारण मशीन दिसतं, हप्ता लावता येतो. ड्रममधल्या पल्पवर खेळतं भांडवल द्यायला मॅनेजर तयार होत नाही, त्याला तो नासका माल वाटतो. कित्येक योजनांची मशीनं पहिल्या हंगामानंतर प्लास्टिक घालून ठेवलेली दिसतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. सुरगाण्यात किंवा कांदाटीत काही उभं करायचं असेल तर मशीनच्या आधी या दहा महिन्यांच्या पैशाची सोय लावावी लागेल, जिल्हा बँकेकडून, शेतकरी कंपनीकडून किंवा आगाऊ रक्कम देणाऱ्या एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाकडून. त्यातला तिसरा मार्ग सगळ्यात सोपा, आणि भाव त्याच्या हातात जातो तोही त्याच मार्गाने.